दहा सेकंदांचा गोल

फुल्हेन्सियो आयालाला आयुष्यात एकच गोष्ट नीट जमायची, आणि तीही बसल्या जागी. ओरडणं. कारापेग्वा गावच्या रेडिओवर तो लुसेरो क्लबच्या सामन्यांचं धावतं वर्णन करायचा. स्वतः त्याने फुटबॉलला शेवटची लाथ नवव्या वर्षी मारली होती आणि तो गोल स्वतःच्याच संघावर झाला होता. पण मायक्रोफोनसमोर त्याची 'गोऽऽऽल' ही आरोळी एकतीस सेकंद टिकायची. तेवढ्या वेळात गावातली माणसं उठून कसावा शिजला का ते बघून यायची आणि तरी काही चुकलेलं नसायचं.

दीड महिन्यापूर्वी मात्र भलतंच झालं. लुसेरोने गोल मारला, फुल्हेन्सियोने आरोळी ठोकली आणि चौदाव्या सेकंदाला त्याला समोर चांदण्या दिसल्या. आरोळी तुटली, धप्प असा आवाज झाला, माइक चालूच राहिला. गावाने दोन मिनिटं नुसती पंख्याची घरघर ऐकली. लुसेरोवाल्यांना वाटलं, गोल रद्द झाला. समोरच्या क्लबवाल्यांनी तर फटाके लावले. टेबलाखाली पडलेल्या फुल्हेन्सियोला शुद्ध आली ती फटाक्यांच्या आवाजाने, आणि त्याला वाटलं, आपण जिंकलो.

त्यानंतर खुर्चीतून उठताना चांदण्या, बुटाची नाडी बांधून ताठ होताना चांदण्या. एकतिसाव्या वर्षी माणसाला एवढं आकाश दिसू नये, म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरने जिल्ह्याच्या हॉस्पिटलातल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी दिली. वेळ मिळाली गुरुवारी सकाळी आठची. आणि रविवारी होता अंतिम सामना, लुसेरोचा बावीस वर्षांतला पहिला.

म्हणजे सगळं या गुरुवारवर येऊन ठेपलं होतं. बाईंनी 'ओरडायचं नाही' म्हटलं, तर रविवारी माइकसमोर बसणार होता बेकरीवाल्याचा भाचा. तो दुपारी रेडिओवर मयताच्या बातम्या वाचायचा, आणि गोलही त्याच आवाजात सांगायचा. 'कळवण्यास दुःख होते की गोल झाला आहे.'

हॉस्पिटलने चिठ्ठीबरोबर एक छापील कागद दिला होता. डॉक्टरांकडे येण्यापूर्वी काय तयारी करावी, त्याचा. तो फुल्हेन्सियोच्या मोठ्या बहिणीच्या, नीमियाच्या हाती पडला. नीमिया प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि छापील कागद दिसला की तिच्या हातात लाल पेन आपोआप यायचं.

"त्रास कधी होतो, कसा होतो, किती वेळ टिकतो, रोज लिहून ठेवावे," तिने वाचलं. "वही घे. आणि फुल्हे, नीट लिही."

फुल्हेन्सियोने लिहिलं. मंगळवारी सकाळी नीमियाने वही उघडली.

'सोमवार, सकाळी सात वाजून चार मिनिटं. आयालाचा पलंगावरून उठण्याचा सुरेख प्रयत्न! पण डाव्या बगलेतून अंधार आत घुसतो, अंधार पुढे सरकतो, बचावफळी आहे कुठे? आयाला कपाट धरतो, कपाट हलतं, आणि… धोका टळला! काय हे प्रसंगावधान!'

"हे वाचून डॉक्टरीणबाई तुला हृदयाकडून दुसऱ्याच खात्यात पाठवतील," नीमिया म्हणाली. "किती वेळ टिकला अंधार?"

"जादा वेळ धरून?"

तिने घड्याळ काढलं. आरोळी किती सेकंदांनी अंगावर येते, ते मोजायचं ठरलं. मोकळा वेळ दोघांना दुपारी तीनला होता, म्हणजे नेमका अख्खं गाव वामकुक्षीत असताना. फुल्हेन्सियो अंगणात उभा राहिला, छाती भरून घेतली आणि सुरू झाला. बाराव्या सेकंदाला तो डुलू लागला, नीमियाने काखेत हात घालून त्याला खुर्चीत ढकललं. तोवर गल्लीतली चार दारं उघडली होती. समोरचा त्रान्सितो, जो जन्मापासून विरुद्ध क्लबचा, बनियनवरच बाहेर आला.

"कोणी मारला?"

"कोणी नाही. डॉक्टरांसाठी आहे," नीमिया म्हणाली.

त्रान्सितोने क्षणभर विचार केला. "ऑफसाइड होता," तो म्हणाला आणि परत झोपायला गेला.

पुढचा रकाना होता घराण्यातल्या आजारांचा. त्यासाठी मोठ्या आत्याला फोन लावला. आत्याला सगळ्यांची मरणं तोंडपाठ होती आणि ती सांगायला तिला आवडायचं.

"आजोबा कशाने गेले, आत्या?"

"कलिंगड खाऊन वर वाइन प्यायले. मी सांगत होते."

"आणि पणजोबा?"

"ओरडता ओरडता."

 फुल्हेन्सियोने फोन दुसऱ्या कानाला लावला. "ओरडता ओरडता? म्हणजे छातीत कळ आली?"

"नाही रे. शेजाऱ्याला शिव्या देत होते. शेजाऱ्याने ऐकलं आणि बंदूक आणली."

नीमियाने रकान्यात लिहिलं : शेजारी.

"आता औषधं," ती म्हणाली. "रोज घेत असलेली सगळी औषधे, पाला, मुळ्या, काढे यांसह, लिहावीत. काय घेतोस?"

"काहीच नाही. पाणी."

"साधं पाणी?"

"तेरेरे. म्हणजे पाणीच की."

तेरेरेला औषध म्हणणारा माणूस त्या देशात जन्माला यायचा आहे. शिंगाच्या पेल्यात, ग्वाम्पात, येर्बाची पत्ती भरायची, थर्मासमधलं बर्फाचं पाणी ओतायचं, एकाच नळीने आळीपाळीने ओढायचं. थर्मासच्या पाण्यात बाजारातून आणलेला ताजा पाला ठेचून घातलेला असतो, पण तो काय कोणी मोजत नाही.

"कोणता पाला?" नीमियाने लाल पेन उघडलं.

"ते कराईंना माहीत."

कराई एलिहियो. कराई म्हणजे या भागात मोठ्या माणसाला मानाने म्हणतात ते, आणि एलिहियो म्हातारे त्या मानाला पुरेपूर लायक होते. फुल्हेन्सियोच्या आधी चाळीस वर्षं रेडिओवर त्यांचा आवाज होता. आरोळी कुठून उचलायची, श्वास कुठे चोरायचा, सगळं त्यांनीच शिकवलं. आता घसा गेला होता, पण रोज सकाळी नऊला आणि दुपारी चारला रेडिओमागच्या आंब्याखाली ते थर्मास घेऊन हजर. त्यांच्या चामड्याच्या थर्मासवर त्यांचं नाव कोरलेलं होतं. ते ओतायचे, फुल्हेन्सियो प्यायचा. गेली नऊ वर्षं. आणि ओतणाऱ्याला 'यात काय आहे' असं विचारायचं नसतं. जेवायला बोलावलेल्या घरी ताट नीट घासलंय का विचारण्यासारखं ते.

म्हणून बुधवारी सकाळी फुल्हेन्सियो गुपचूप बाजाराच्या कोपऱ्यावर गेला. तिथे न्या पाब्ला, म्हणजे पाब्लाबाई, लाकडी उखळीत पाला कुटत बसलेली असायची. सगळं गाव तिच्याकडून पाला घ्यायचं, आणि कोणी न विचारता ती चेहरा बघून मुठीत फेरफार करायची.

"न्या पाब्ला, कराईंच्या थर्मासात तुम्ही काय काय घालता?"

"का रे माझ्या राजा? पातळ लागतंय?"

"नाही. डॉक्टरांना यादी द्यायची आहे."

"डॉक्टरांना!" पाब्लाने उखळीत एक जोरदार घाव घातला. "बुर्रितोची पानं पोटासाठी. पुदिना चवीसाठी. कोकू यकृतासाठी. आणि रक्ताचा दाब उतरवायचा पाला, दोन मुठी."

"दाब? कुणाचा?"

पाब्लाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. बाजारातल्या निम्म्या लोकांना ऐकू जाईल इतपतच. "कराईंचा. फेब्रुवारीपासून चढलाय. कोणाला सांगू नको म्हणाले, दवाखान्यात पाऊल टाकणार नाही म्हणाले. आधी मी एकच मूठ द्यायचे. पण दाब उतरेना. म्हणून दोन केल्या."

फुल्हेन्सियो उभ्याउभ्याच हिशेब करू लागला. पहिला पेला कोरडी पत्तीच पिऊन टाकते, तो सांतो तोमास या संताचा, असं सगळे म्हणतात. दुसरा कराई पितात. मग तिसरा फुल्हेन्सियो, चौथा फुल्हेन्सियो, पाचवा फुल्हेन्सियो, कारण तरुण माणसाला तहान फार, आणि म्हाताऱ्याचा जीव ओतण्यात जास्त. दाब कराईंचा, पाला कराईंचा, आणि घशाखाली उतरत होता तो फुल्हेन्सियोच्या. गावातला सगळ्यात महागडा उपचार तो आठ महिने चालवत होता, आणि आजारी मात्र दुसराच होता. यातून सुटला होता तो एकटा सांतो तोमास.

"आणि हल्ली तू फिका दिसायला लागलास," पाब्ला मायेने म्हणाली, "म्हणून मी आणखी चिमूटभर वाढवलाय. तुझ्यासाठी."

त्या संध्याकाळी तो यादीचा रकाना समोर घेऊन बसला. खरं लिहिलं तर बाई पाला बंद करतील, आणि रविवारची आरोळी वाचेल. पण कागद आधी नीमिया वाचणार, नीमियाने वाचलं की शाळेचा शिक्षकवर्ग, आणि शुक्रवारी गावभर. नऊ वर्षं ज्यांनी ओतलं, त्यांचं एवढं एक झाकलेलं उघडं पाडायचं? आणि मग आंब्याखाली त्यांच्यासमोर बसायचं कोणत्या तोंडाने?

फुल्हेन्सियो मनाने खूप मोठा वगैरे नव्हता. त्याने आधी एकदा लिहिलं, मग खोडलं, मग बेकरीवाल्याच्या भाच्याचा आवाज आठवून पुन्हा लिहिलं. शेवटी नवा कागद घेतला आणि औषधांचा रकाना कोरा सोडला. प्रश्नांच्या रकान्यात मात्र एकोणीस प्रश्न लिहिले. 'सर्वात महत्त्वाचा प्रश्न आधी लिहावा' असं छापलं होतं, म्हणून पहिला होता : 'रविवारी?'

नीमियाला गुरुवारी शाळेत परीक्षा होती. कागदावर शेवटची सूचना अशी होती की, आपला त्रास जवळून पाहिलेल्या एका व्यक्तीस सोबत आणावे. आता फुल्हेन्सियोचा त्रास सगळ्यात जवळून कोणी पाहिला होता? तो टेबलाखाली पडला तेव्हा शेजारच्या खुर्चीवर कराई एलिहियोच होते. त्यांनीच त्याला उठवून बसवलं होतं, आणि शुद्धीवर येताच लगेच तीन पेले तेरेरे पाजलं होतं.

तेव्हा कराईच सोबत आले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर हॅट, काखेत थर्मास. सकाळच्या बसमध्ये त्यांनी पेला भरला आणि पुढे केला.

"घे. दवाखान्याच्या आधी घसा ओला कर."

फुल्हेन्सियोने पेल्याकडे पाहिलं. मग कराईंकडे. नऊ वर्षांत त्याने पुढे आलेला पेला परत केलेला नव्हता. तो प्यायला. वळणावर त्याला खिडकीबाहेर भरदिवसा तीन चांदण्या दिसल्या.

डॉक्टर सालदिवार बुटक्या होत्या आणि त्यांना घाई नव्हती, हीच मोठी भीतीची गोष्ट. त्यांनी छातीला तारा लावून आलेख काढला, तो ठीक निघाला. मग दाब मोजला. मग यंत्राला टिचकी मारून पुन्हा मोजला.

"नव्वद-पंचावन्न. एवढ्या दाबावर तुम्ही चालत आलात?"

"बसने आलो," फुल्हेन्सियो म्हणाला.

त्यांनी वही वाचली. 'काय हे प्रसंगावधान' ला त्यांची भुवई वर गेली. घराण्यातल्या आजारात 'शेजारी' वाचून ती तिथेच राहिली. मग त्या कोऱ्या रकान्याशी आल्या.

"औषधं काहीच नाहीत? पाला, मुळ्या?"

"काही नाही."

"आणि त्या थर्मासात काय आहे?"

"पाणी," फुल्हेन्सियो आणि कराई एका सुरात म्हणाले.

"मीही याच देशात वाढले," बाई म्हणाल्या. "पाणी म्हणजे काय काय?"

"बुर्रितो," फुल्हेन्सियो म्हणाला. "पुदिना. कोकू. बर्फ." इथे तो थांबला.  एवढ्या मोठ्या वर्णनकाराला चौथ्या पाल्याचं नाव सापडेना, आणि खोलीत पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली, अगदी त्या दिवशी रेडिओवर आली होती तशी.

कराईंनी हॅट काढून मांडीवर ठेवली.

"लेका, तू पाब्लाकडे गेला होतास ना?"

"…हो."

"तिने सांगितलं मला. तू कोपऱ्यावरून वळायच्या आत."

"मग तुम्ही काल काही बोलला नाहीत? आणि आज बसमध्ये मला तेच पाजलंत?"

"मला बघायचं होतं, तू काय लिहितोस. पेला नको म्हणतोस का, तेही." त्यांनी टेबलावरच्या कोऱ्या रकान्याकडे पाहिलं. "गाढव आहेस तू. मी तुला एवढं ओरडायला शिकवलं, आणि जिथे बोलायचं तिथे मुकाट बसतोस." मग ते बाईंकडे वळले. "लिहा, डॉक्टर. दाब उतरवायचा पाला, दोन मुठी, वर चिमूटभर. पण पाला माझा आहे. याच्या पोटात चुकून गेला."

"आठ महिने चुकून?"

"त्याला तहान फार."

बाईंनी पट्टा फुल्हेन्सियोच्या दंडावरून काढला आणि कराईंच्या दंडाला गुंडाळला. एकशे नव्वद. त्यांनी चष्मा काढून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "ही वेळ नक्की कोणी घेतली होती?"

बाहेर पडले तेव्हा दोघांच्याही हातात कागद होते. कराईंना रोज एक गोळी, आणि पाला बाई सांगेपर्यंत निम्मा, तोही स्वतःच्या थर्मासात, स्वतःच्या पेल्यात. ओरडणं बंद. फुल्हेन्सियोला साधं पाणी, खारं थोडं जास्त, महिन्याने आणखी एक तपासणी. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कागदावरच लिहून दिलं होतं : 'रविवारी बसून. दहा सेकंद.' उरलेले अठरा प्रश्न त्यांनी वाचले आणि घडी घालून परत दिले.

शुक्रवारी सकाळी नऊला आंब्याखाली दोन थर्मास आणि दोन ग्वाम्पा दिसल्या. एका झाडाखाली दोन पेले, म्हणजे गावात त्याचा एकच अर्थ : भांडण. दहापर्यंत ते जमिनीवरून झालं होतं, बारापर्यंत कुठल्याशा बाईवरून, आणि चारला पाद्रीबाबा समेट घडवायला स्वतः चालत आले.

"त्यांना काय सांगू?" फुल्हेन्सियोने हळूच विचारलं.

"भांडलो म्हण," कराई म्हणाले. "भांडणात इज्जत असते. दाबाचं कळलं तर उद्यापासून लोक मला हात धरून रस्ता ओलांडायला लावतील."

तेव्हा फुल्हेन्सियोने पाद्रीबाबांना सांगितलं की भांडण फार जुनं आहे आणि त्याबद्दल न बोललेलं बरं. पाद्रीबाबा अतिशय समाधानाने परत गेले.

रविवारी नीमिया रेडिओच्या खोलीत घड्याळ घेऊन बसली. कराई शेजारच्या खुर्चीवर, तोंड मिटून. फुल्हेन्सियोने दहा सेकंद कुठे खर्च करायचे याचा नीट विचार केला होता. पण सामना सुटला शून्य-शून्य. जादा वेळातही शून्य-शून्य. आणि मग पंचाने चेंडू उचलून ठिपक्यावर ठेवला, आणि तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पेनल्टी.

"दहा सेकंद गोलाला की सामन्याला?" फुल्हेन्सियोने माइकवर हात ठेवून विचारलं.

"तू विचारलं नाहीस?" नीमिया.

"एकोणीस प्रश्न होते! हा नव्हता!"

"मग सामन्याला," नीमिया म्हणाली. तिच्या लाल पेनाला शंकेचा फायदा देणं माहीत नव्हतं.

पहिली पेनल्टी आत. फुल्हेन्सियोने दोन सेकंदांचा गोल दिला. "आठ," नीमिया म्हणाली. दुसरी आत, दोन सेकंद. "सहा." गावात लोक रेडिओच्या कानशिलात मारू लागले, त्यांना वाटलं, बॅटरी संपत आली. तिसरी, चौथी. पाचवीला हात राखून एकच सेकंद ओरडला, तर खिडकीतून कोणीतरी विचारलं, अर्धाच मोजला का? समोरच्यांनीही पाचही मारल्या. सहाव्या फेरीत लुसेरोने मारली, फुल्हेन्सियोने उरलेला एक सेकंदही त्यात घातला, आणि त्याच्याकडे काहीच राहिलं नाही.

मग विरुद्ध क्लबच्या माणसाने चेंडू ठेवला, धावत आला आणि लुसेरोच्या गोलरक्षकाने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. बावीस वर्षांनी.

फुल्हेन्सियोने तोंड उघडलं आणि नीमियाकडे पाहिलं. नीमियाने घड्याळ वर धरून दाखवलं : शून्य.

कराई एलिहियोंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी स्वतःच्या थर्मासचं झाकण घट्ट बंद केलं आणि फुल्हेन्सियोच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझे घे," ते म्हणाले. "मी एकही वापरला नाहीये."

"तुम्हाला बाईंनी एकही दिला नव्हता," नीमिया म्हणाली.

"म्हणून तर सगळे शिल्लक आहेत."

नीमियाने घड्याळाकडे पाहिलं, कराईंकडे पाहिलं, आणि घड्याळ टेबलावर उलटं ठेवलं.

फुल्हेन्सियो ओरडला. रीतीने पाहिलं तर तो गोल नव्हताच, अडवलेली पेनल्टी होती, पण त्याला दुसरं काही ओरडता येत नव्हतं. कराईंनी शिकवल्या जागी त्याने श्वास चोरला. खांद्यावरचा हात बाराव्या सेकंदाला जरा घट्ट झाला, चौदाव्याला आणखी. चांदण्या आल्या नाहीत. गावात माणसं उठून कसावा बघायला गेली.

तो पडला नाही. पडला असता तरी हरकत नव्हती; नीमियाने सकाळीच टेबलाखाली उशी घालून ठेवली होती.